तिच्या नावाच्या डब्या

सोमवार, ४ तारीख

धाकट्या डॉक्टरबाईंनी वही ठेवायला सांगितली आहे. हिला दिवसात किती वेळा खोकला आला, जिना चढताना कितव्या पायरीवर थांबली, काय खाल्लं, झोप लागली का, सगळं लिहायचं आणि दर भेटीला दाखवायचं. मी म्हटलं, बाई, मी चौथी शिकलेला माणूस. त्या म्हणाल्या, आजोबा, चौथीवाल्यांचं अक्षर डॉक्टरांपेक्षा बरं असतं.

त्यांना काय माहीत, मी एकतीस वर्षं भट्टीची वही लिहिली आहे. कौलांच्या कारखान्यात भट्टी लावायचं काम माझं. किती वाजता किती लाकूड घातलं, जाळ लाल होता की पिवळा, तोंड कधी उघडलं, सगळी नोंद. एखादी खेप तडकली की मालक आधी वही मागायचे. त्या वहीत मी एकदाही खोटं लिहिलं नाही. माझ्या हातून जाळ वाढला तर तसंच लिहिलं आणि बोलणी खाल्ली.

या वहीचं मी असं ठरवलंय. पुढून उघडली की ती डॉक्टरांची. उलटी करून मागून उघडली की माझी. मनात काहीबाही येतं ते कुठेतरी काढायला हवं. हिच्याशी बोललो तर ही घाबरते, लेकीला फोन केला तर लेक घाबरते, आणि दोघी घाबरल्या की धीर मला द्यावा लागतो. माझ्याकडे तेवढा साठा नाही.

पुढच्या बाजूला लिहिलं: खोकला अकरा वेळा. नवव्या पायरीवर थांबली. भात अर्धा टाकला.

मंगळवार, ५ तारीख

हिचा दम दोन वर्षांचा. मोठे डॉक्टर म्हणतात दमा. दर वेळी पाच दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या देतात, चार दिवस बरं वाटतं, मग आधीपेक्षा जास्त धाप लागते. आता येत्या अठरा तारखेला ते मोठा डोस सुरू करणार आहेत, दोन महिने रोज. या अठरा तारखेसाठी आम्ही किती दिवस थांबलो ते माझं मला माहीत. ती तारीख चुकू नये म्हणून मी आत्तापासून काळजी करतो आहे. ही म्हणते, तारीख काय बस आहे का निघून जायला?

आज हिने पाठ चोळायला बोलावलं. कमरेखाली उजव्या अंगाला लाल रेघ दिसली, खरचटल्यासारखी, बोटभर लांब. खाज सुटते म्हणाली. जेवणानंतर पाहिलं तर रेघ वीतभर पुढे सरकली होती. मी म्हटलं, सकाळी इथे होती. ही म्हणाली, परकराची नाडी रुतली असेल, ती कुठे एका जागी बसते? तेही खरं. असले वळ हिला वर्षानुवर्षं येतात आणि दोन दिवसांत जातात.

पुढच्या बाजूला लिहू का विचारलं, तर म्हणाली, "माझ्या कमरेखालचं परक्या माणसाला वाचायला देणार तुम्ही?"

म्हणून इथे मागे लिहिलं.

शुक्रवार, ८ तारीख

दवाखान्यात गेलो होतो. धाकट्या डॉक्टरबाईंनी हिला विचारलं, आजी, काम काय करायचात? दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ही एकदम ताठ बसली.

ही माझ्याच कारखान्यात होती, बावीस वर्षं, चिखल तुडवायला. मोठाले खड्डे असायचे, गुडघाभर माती, आणि बाया रांगेने तुडवत जायच्या. अनवाणीच. बूट घालून चालायचं नाही, कारण तळपायाला खडा कळला पाहिजे. बारीकसा खडा जरी कौलात राहिला तरी भट्टीत कौल फुटतं. खडा लागला की बाई ओरडायची, थांबायची, हात घालून काढून टाकायची. हिच्यासारखा खडा कुणाला लागत नसे. मुकादम म्हणायचा, हिला पायाला डोळे आहेत. मला मात्र कारखान्याने गमबूट दिले होते, निखारे पडायचे म्हणून. एकदा पावसाळ्यात हिच्या बोटांमध्ये जखमा झाल्या तेव्हा मी माझे बूट हिला दिले. मुकादमाने अर्ध्या तासात काढायला लावले.

बाईंनी ऐकून घेतलं आणि सरळ हिचा पाय हातात घेऊन तळवा पाहिला. ही इतकी लाजली. मग त्यांनी विचारलं, तिथे सगळे शौचाला कुठे जायचे? मी म्हटलं, खड्ड्यांच्या मागे, झुडपात. पाऊस पडला की तिकडचं पाणी खड्ड्यात यायचं का? यायचं, म्हटलं, उतारच तसा होता.

मग त्या म्हणाल्या, मातीतले काही जंत असे असतात की तळपायातून शिरतात आणि आतल्या आत वाढत राहतात. मोठा डोस सुरू करण्याआधी खात्री करून घेऊ. तीन दिवस तीन डब्या, संडास तपासायला. एका तपासणीत सापडत नाहीत, लपून बसतात, म्हणून तीन. त्या आणखीही बरंच बोलल्या, त्या गोळ्यांनी अंगातला पहारा झोपतो वगैरे, पण माझं लक्ष अठरा तारखेवर होतं. तिन्ही निकाल चौदापर्यंत आले नाहीत तर मोठ्या डॉक्टरांची भेट पुढच्या महिन्यात जाईल, एवढं मात्र नीट ऐकलं.

घरी आल्यावर शेजारच्या कंपाउंडरना विचारलं. चाळीस वर्षं एका डॉक्टरांच्या हाताखाली पुड्या बांधल्या आहेत त्यांनी. ते हसले. म्हणाले, कारखाना सोडून अठरा वर्षं झाली ना वहिनींना? अठरा वर्षं जगणारा जंत मी ऐकला नाही. जंत लेकरांना होतात, नवीन डॉक्टर पुस्तकातलं बोलतात.

मला जरा हलकं वाटलं.

शनिवार, ९ तारीख

पहिली डबी दिली. ही सकाळी पाचपासून बसली होती, कशीबशी नखभर झाली. हिला आठ-आठ दिवस होत नाही, गोळ्यांमुळे असेल.

खिडकीवाली बाई फार कडक. झाकणावर नाव, वय, तारीख. अकरा वाजता खिडकी बंद. माझ्या पुढच्या माणसाने डबी काठोकाठ भरून आणली होती. ती म्हणाली, एवढं नको होतं, आम्हाला दुकान टाकायचं नाही. मागच्या माणसाची रिकामी होती, नुसतं नाव. त्याला म्हणाली, मग पुढच्या महिन्यातली तारीख घ्या. तो माणूस तोंड पाडून गेला. मला तोच दिसत राहिला दिवसभर.

सोमवार, ११ तारीख

काल खिडकी बंद, रविवार. आज ही सकाळपासून तीन वेळा जाऊन बसली. गरम पाणी दिलं, फेऱ्या मारायला लावल्या तर धाप लागून पायरीवरच बसली. दहा वाजता म्हणाली, सांगा त्यांना, होत नाही म्हणून.

सांगायला काय जातं? खिडकीवाली म्हणेल पुढच्या महिन्यातली तारीख घ्या. आणि हिचा एकेक श्वास मी मोजतो आहे.

या वहीत खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे, म्हणून लिहितो. डबीत माझं होतं.

माझी वेळ घड्याळासारखी. दहा मिनिटांत काम झालं. वाटेत विचार केला. चव्वेचाळीस वर्षं आम्ही एका भांड्यातलं जेवतो, एका माठातलं पाणी पितो. हिला जंत असतील तर मला नसतील होय? माझी तपासली काय आणि हिची तपासली काय. शिवाय शनिवारची हिचीच आहे.

खिडकीवालीने डबीकडे पाहिलंही नाही.

घरी आल्यावर हिने विचारलं, "दिलीत?"

"दिली."

"घेतली त्यांनी?"

"घेतली."

ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. बोलायलाही श्वास पुरत नाही बिचारीला.

मंगळवार, १२ तारीख

आज हिने डबी मागितलीच नाही. म्हणाली, आज तुम्हीच बघा काय ते. फार थकली आहे.

मी बघितलं. तिसरीही दिली.

गुरुवार, १४ तारीख

तिन्ही डब्या स्वच्छ. जंत नाहीत. लेक मॅट्रिक पास झाली तेव्हा निकालाचा कागद जसा दोन्ही हातांनी धरला होता तसाच हा धरला. कंपाउंडर म्हणाले, मी सांगितलं नव्हतं?

एक उगाच मनात आलं. म्हणजे मीसुद्धा स्वच्छ आहे.

सोमवार, १८ तारीख

मोठा डोस सुरू झाला. मोठ्या डॉक्टरांनी निकाल पाहिला, वही चाळली, अक्षर चांगलं आहे म्हणाले. सकाळी नाश्त्यानंतर आठ गोळ्या एकदम. मनाने बंद करायच्या नाहीत, एकदम बंद केल्या तरी धोका, असं दोनदा बजावलं.

निघताना धाकट्या डॉक्टरबाईंनी थांबवलं. त्यांच्या हातात तोच निकाल होता. म्हणाल्या, "आजोबा, तिन्ही डब्या तीन वेगळ्या दिवसांच्या ना?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर मी खरं दिलं.

गुरुवार, २१ तारीख

ही अठरा पायऱ्या न थांबता चढली. अठराच्या अठरा. वर पोचून मला म्हणाली, तुम्ही का धापा टाकताय? मी खालून पिशवी घेऊन धावत आलो होतो, ही पडली तर धरायला.

दोन वाट्या भात खाल्ला. लेकीला फोन करून तिला पायऱ्या सांगितल्या. लेक फोनवर रडली, मग मीही. कंपाउंडरना बोलावून चहा पाजला. त्या सोमवारी मी तोंड पाडून परत आलो असतो तर आजचा दिवस दिसला असता का? कधी कधी माणसाने थोडं धाडस करावं लागतं. एवढं लिहून ठेवतो.

रविवार, २४ तारीख

पाठ चोळताना तीन रेघा दिसल्या. एक कमरेवर, एक मांडीकडे गेलेली, एक पोटावर. नाडी पोटावरून मांडीवर कशी जाईल? हिला म्हटलं नाही. पोट टम्म फुगलं आहे, वाजवलं तर ढोलकं. ही म्हणते इतके दिवस उपाशी होते, आता खाल्लं ते बाधलं.

पुढच्या बाजूला लिहिलं: धाप नाही. भूक बरी. पोट जड.

रेघा लिहिल्या नाहीत. हिने बजावलं आहे.

बुधवार, २७ तारीख

दोन दिवस उलट्या. खोकला परत आला आणि या खोकल्याचा आवाज वेगळा आहे, ओला. दवाखान्यात फोन केला. ज्याने उचलला तो म्हणाला, गोळ्या बंद करू नका, शुक्रवारी घेऊन या.

गोळ्या बंद करू नका. सकाळी आठ गोळ्या मी माझ्या हाताने तिच्या हातावर ठेवतो. आज ठेवताना माझा हात थांबला. का ते कळलं नाही. म्हणजे कळलं, पण मी दुसरीकडे बघितलं.

दुपारी कंपाउंडरकडे गेलो. आडून विचारलं, समजा एखाद्याने आपल्या डबीत दुसऱ्याचं दिलं, तर काय होतं? ते म्हणाले, होतं काय, रोग एकाचा राहतो आणि निकाल दुसऱ्याचा येतो. आणि आपल्याच बोलण्यावर खूप हसले. मीही हसलो असेन. परत येताना जिना चढलो, नवव्या पायरीवर मला बसावं लागलं.

बाईंचं ते वाक्य आता आठवतं आहे, त्या गोळ्यांनी अंगातला पहारा झोपतो. कुणावरचा पहारा, ते मी ऐकलं नव्हतं. की ऐकलं होतं?

आणि एक गोष्ट. एका भांड्यातलं जेवतो हे खरं. पण खड्ड्यात मी कधी उतरलो नाही. माझ्या पायात गमबूट होते. त्या दिवशी वाटेत एवढा सगळा विचार केला, बूट तेवढे आठवले नाहीत.

शुक्रवार, २९ तारीख

सकाळी हिच्या थुंकीत रक्त. अंगात ताप. बेंबीभोवती जांभळे डाग उठले आहेत, अंगठ्याचे ठसे उमटावेत तसे. ही बावीस वर्षं दर पगाराला रजिस्टरवर अंगठा उमटवायची, तीच शाई, तोच आकार. मला बघवेना.

लेक आली, तिने रिक्षा आणली, दुपारी दाखल केलं. तोंडावर ऑक्सिजन. ही मला खुणेने जवळ बोलावून म्हणाली, जेवलात का? मी हो म्हटलं. तेही खोटंच.

शनिवार, ३० तारीख

घडलं तसं लिहितो.

सकाळी मोठे डॉक्टर येऊन गेले. छातीचा फोटो पांढरा झाला आहे. म्हणाले, दमा उसळला आहे, वर जंतुसंसर्ग, स्टिरॉइड आता शिरेतून देऊ, दुप्पट. लेक मान हलवत होती. मी कॉटच्या पायाशी उभा होतो आणि माझ्या कानात भट्टीचा आवाज येत होता. ते पुढच्या कॉटकडे गेले.

सिस्टर ट्रे घेऊन आली. धाकट्या डॉक्टरबाई तिच्या मागून आल्या, सुई भरायला थांबा म्हणाल्या आणि माझ्याकडे वही मागितली. बाहेर बाकावर बसून त्यांनी पुढून पानं वाचली. एकेक पान, बोट फिरवत. खोकला, पायऱ्या, भात. मग म्हणाल्या, "आजोबा, हे डाग कालचे. त्याआधी अंगावर कधी काही? खाज, रेघ, पुरळ? इथे काहीच लिहिलेलं नाही."

लेक शेजारी बसली होती. आत कॉटवर ही. सिस्टर ट्रे धरून दारात.

मी त्यांच्या हातातून वही घेतली, उलटी केली, मागून उघडली आणि परत दिली.

म्हटलं, "इथे आहे."

त्यांनी पाच तारीख वाचली, नाडीची. त्यांचा चेहरा बदलला. पान उलटलं. नऊ. मग अकरा. तिथे त्या थांबल्या. पुन्हा वाचलं. माझ्याकडे पाहिलं नाही. बारा वाचली. वही माझ्या मांडीवर ठेवली आणि चालायच्याऐवजी पळत गेल्या, सिस्टरला हाताने मागे फिरवत. इतक्या तरण्या बाईला दवाखान्यात पळताना मी पाहिलं नव्हतं.

लेकीने विचारलं, बाबा, काय वाचलं त्यांनी? वही तिच्याकडे सरकवायची हिंमत झाली नाही, म्हणून सांगितलं. दोन डब्या माझ्या होत्या.

ती उठली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मग तिथूनच म्हणाली, "मला फोन केला असतात तर मी त्या खिडकीवालीच्या पाया पडले असते, बाबा. तारीख मिळवली असती."

हे मला सुचलंच नव्हतं. कुणाला विचारता येतं, हेच सुचलं नव्हतं.

रविवार, ३१ तारीख

थुंकीतच सापडले. डबीची गरजच पडली नाही.

बाईंनी मला आत नेलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. आधी नुसता उजेड. मग त्या उजेडात एक पांढुरकं, धाग्याच्या तुकड्यासारखं, आणि ते वळवळलं. मी मागे सरलो. त्या म्हणाल्या, ही अळी. हाच तो तळपायातून शिरणारा. बाकीचे बरेच जंत आपलं आयुष्य संपलं की मरतात. हा आतल्या आत पिल्लं घालतो, ती पुन्हा आतूनच शिरतात, म्हणून चाळीस-चाळीस वर्षं राहतो. अंगातला पहारा जागा असतो तोवर थोडेच राहतात, कमरेवर एखादी रेघ उठते, खोकला येतो, लोक त्याला दमा म्हणतात. स्टिरॉइडने पहारा झोपला की हजारोंनी सुटतात. आतड्यातून छातीत. सोबत आतड्यातले जंतू रक्तात नेतात.

मी विचारलं, पहिली डबी हिचीच होती, ती स्वच्छ कशी? त्या म्हणाल्या, म्हणूनच तीन मागितल्या होत्या.

औषध आहे. गोळीच आहे. पाकिटावरून नाव उतरवून घेतलं, आयव्हरमेक्टिन. वजनावर मात्रा ठरवतात, हिचं वजन एक्केचाळीस. साध्या रोग्याला एक-दोन दिवसांत काम होतं, हिला रोज द्यावी लागणार. हिला गोळी गिळवत नाही म्हणून कुटून नाकातल्या नळीने देतात. तापासाठी दुसरं इंजेक्शन चालू. स्टिरॉइड पायरीपायरीने उतरवणार. एवढ्याशा गोळीने झालं असतं, आठ तारखेला.

वाचेल का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, अशा अवस्थेतले सगळे वाचत नाहीत, आजोबा. दोन दिवस जाऊ देत.

मोठे डॉक्टर समोरून आले. मला वाटलं ओरडतील. ते क्षणभर थांबले, मी त्यांच्या पायांकडे बघत होतो, बूट काळे, चकचकीत. मग ते पुढे गेले.

मंगळवार, २ तारीख

दोन दिवस गेले. ताप तसाच. बाई म्हणतात, वाढला नाही ना. लेक मला डबा आणून देते, हातात देत नाही, बाकावर ठेवते.

शुक्रवार, ५ तारीख

ताप उतरला.

सोमवार, ८ तारीख

नाकातली नळी काढली. हिने पाणी मागितलं. मी वाटी धरली, अर्धं हिच्या गळ्यावर सांडलं. ही म्हणाली, एवढ्या लांब भट्टीत लाकूड बरोबर टाकायचात की.

लेक बाहेर गेल्यावर मी सांगून टाकलं. दुसरी आणि तिसरी डबी माझी होती. त्यामुळे हे सगळं झालं. मनात भाषणच तयार केलं होतं, ते दोन वाक्यांत संपलं.

ही छताकडे बघत होती. म्हणाली, "डबी घेऊन आत गेलात ते दिसलं होतं मला. आपलं दार कुठे पुरतं लागतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"मलाही तारीख हवी होती." थोडा श्वास घेतला. "बावीस वर्षं खडा लागला की मी ओरडले. एवढा एक नाही ओरडले."

मी म्हटलं, खडा तुझा नव्हता, माझा होता. ही म्हणाली, पाय माझा होता ना.

मी हिच्या तळव्यावरून हात फिरवत बसलो. टाच दगडासारखी आहे.

शनिवार, १३ तारीख

बाईंनी विचारलं, खड्ड्यात आजींबरोबर आणखी कोण होत्या? मी वहीच्या पुढच्या बाजूला यादी केली. भट्टीची नोंद करायचो तशी, एकाखाली एक. अकरा बाया. त्यातल्या तिघी वारल्या. कशाने, बाईंनी विचारलं. मी म्हटलं, एक बाळंतपणात. दोघी दम्याने.

म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं. बाईंनी त्या दोन नावांपुढे पेन्सिलीने बारीक खूण केली.

उरल्या आठ. त्यांना गाठून दवाखान्यात आणायचं काम माझ्याकडे. त्या विचारणार, तुला कसं कळलं? आठ दारांत आठ वेळा सांगावं लागेल. लेक म्हणाली, पहिल्या दाराला मी येते बरोबर. एवढं तरी बोलली.

शनिवार, २० तारीख

ही बुधवारी घरी आली. जिन्यात चार वेळा बसली, मीही प्रत्येक वेळी शेजारी बसलो. गोळ्या चालूच आहेत. दोन आठवडे डब्या आणि थुंकी स्वच्छ यायला हव्यात, तेव्हा बंद होतील. गेल्या पाच स्वच्छ आल्या. आज सहावी.

वहीची पानं संपली. पुढून लिहीत आलो ते आणि मागून लिहीत आलो ते मध्ये येऊन भिडलं. या पानाच्या समोरच्याच पानावर, उलट्या अक्षरांत, त्या बायांची यादी आहे. पाच नावांपुढे मी गेल्याची खूण आहे. तिसऱ्या दाराला एक बाई मला ऐकून घेऊन म्हणाली, तुझ्या बायकोने तुला घरात ठेवला कसा? मी म्हटलं, ते तिलाच विचार, आणि सोमवारी डबी घेऊन ये.

सकाळी हिने मला हाक मारली. डबी उंबऱ्यावर ठेवलेली, झाकण घट्ट, वर नावाची चिठ्ठी लेकीने लिहून दिलेली. नावाच्या खाली निळा अंगठा. कुठून शाई आणली कोण जाणे.

मी म्हटलं, हे कशाला?

ही म्हणाली, "पुन्हा गोंधळ नको."

खिडकीवर रांग होती. माझ्या पुढच्या बाईला खिडकीवालीने विचारलं, रोग्याचीच आहे ना? तिच्या पुढच्यालाही विचारलं होतं. आता सगळ्यांना विचारते. माझी पाळी आली तेव्हा तिने चिठ्ठी पाहिली, अंगठा पाहिला, मग मला पाहिलं. ओळखलं असावं.

"कुणाची?" म्हणाली.

मागे दहा-बारा माणसं उभी होती. मी जरा मोठ्यानेच सांगितलं.

"हिची. माझी नाही."